डिकीतला पांढरा झगा

आमच्या पाळकसाहेबांच्या स्कूटरची डिकी उघडली की सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला उपासनेचा पांढरा झगा असायचा. त्याखाली पवित्र शास्त्र. मग टेस्टर, काळी चिकटपट्टी, माइकची जादा वायर, कुणाकुणाच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स, अर्धा संपलेला बिस्किटपुडा आणि पावसाने फुगून दुप्पट झालेली डायरी. एका श्रावणात त्यांना दवाखान्यात दाखल केले, तेव्हा स्कूटर घरी आणायला मी गेलो आणि ती डिकी पहिल्यांदा नीट पाहिली. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू, आणि मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारी ख्रिस्ती घरे. मी या मंडळीचा सेक्रेटरी. सहा वर्षे दर रविवारी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो, पण त्यांचे बाकीचे सहा दिवस कसे जातात ते मला तोवर माहीत नव्हते.

हे प्रकरण वास्कोतल्या एका मराठी मंडळीचे. पाळकसाहेबांची आणि संबंधित घरांची परवानगी घेऊन लिहितो आहे, नावे कुणाचीच घातलेली नाहीत. दुसऱ्या मंडळ्यांचे पंच, म्हणजे कारभारी, विचारतात, ‘पाळकांचे काम वाटून घ्यायला तुम्ही नेमके काय केले?’ त्यांच्यासाठी हे लिहिले. आधी काय चुकले तेही त्यात आहे.

गोव्यात ख्रिस्ती म्हटले की कोकणी प्रार्थना, कॅथलिक चर्च, विगार (तिथले मुख्य पाद्री) आणि फेस्त (चर्चचा सण) डोळ्यांसमोर येते. आम्ही प्रोटेस्टंट, मराठी, आणि बहुतेक घाटावरून आलेलो. नगर, सोलापूर, जालना, कोल्हापूर. कुणी मुरगाव बंदरात, कुणी जहाजे बांधतात तिथे, कुणी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, बरेचजण गवंडीकामाला. बायणा, सडा, मांगोर हिल, झुआरीनगर अशी पांगलेली साठेक घरे. स्वतःचे उपासनामंदिर नाही. रविवारी सकाळी भाड्याच्या सभागृहात उपासना होते आणि दुपारी तिथेच कुणाचा तरी वाढदिवस असतो, म्हणून खुर्च्या आम्हीच मांडतो आणि आम्हीच उचलतो.

मराठी उपासना कशाला, मुलांना तर इंग्रजी येते, असे आमच्यातलेच काही विचारतात. याच भूमीत, गोव्यातल्या साष्टी तालुक्यात, फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री होऊन गेला. १५७९ साली तो गोव्यात आला, इथल्या गावांत राहिला, आणि १६१६ साली राचोलला त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले ते मराठीत, ओवीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी मंडळ्यांना अभंग दिले, भजन-कीर्तनाची गोडी लावली. ही नावे मी शाळकरी वयापासून ऐकत आलो. पण त्यांनी हे कशासाठी केले ते मला बांबोळीच्या शवागाराबाहेरच्या बाकड्यापाशी समजले.

पाळकसाहेबांचा तेव्हाचा नेहमीचा दिवस आधी सांगतो. पहाटे पाचला प्रार्थना. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा गल्लीत वाजायच्या आत पहिला फोन. कुणाच्या मुलीला शाळेत प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा, कुणाचा नवरा रात्री पिऊन आला आणि अजून दार अडवून बसला आहे. सकाळी चिखलीच्या किंवा बांबोळीच्या इस्पितळात एक फेरी. दुपारी बँक, सभागृहाचे भाडे, माइक दुरुस्ती. संध्याकाळी दोन घरी प्रार्थना, तीही दोन टोकांना, एक सड्यावर आणि एक झुआरीनगरला. स्कूटर बंद पडली तर पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसून. बायण्यातले शेजारी, ज्यांचा आमच्या मंडळीशी काही संबंध नाही, तेही त्यांना ‘पाद्र’ म्हणून हाक मारतात आणि मुलाच्या अर्जावर सही मागतात. ते कुणाला नाही म्हणत नाहीत. चतुर्थीला पाच-सहा घरी जाऊन येतात, नाताळात तीच घरे त्यांच्याकडे येतात. पाळकीणबाई संडे स्कूल आणि महिला संघ सांभाळतात, शिवाय दारात आलेल्या प्रत्येकाला चहा.

तो आठवडा

सोमवारी रात्री बांबोळीहून फोन आला. एक गवंडी परांचीवरून पडला होता. वय चौतिशीच्या आसपास, नगरकडचा. आमच्या वहीत त्याचे नाव नव्हते. तीन रविवार मागच्या रांगेत येऊन बसला होता आणि जाताना ‘सलाम, साहेब’ एवढेच म्हणाला होता. त्याच्या बायकोने खिशातल्या चिठ्ठीवरचा पाळकांचा नंबर लावला. पाळकसाहेब जुवारी पूल ओलांडून रात्रीच गेले. पहाटे तो वारला.

डॉक्टरांनी तिला हिंदीत, शांतपणे, पुन्हा पुन्हा समजावून सांगितले. ती मान हलवत होती. डॉक्टर गेल्यावर पाळकांकडे वळून म्हणाली, “साहेब, तुम्ही मराठीत सांगा.” बाकड्यावर तिच्या शेजारी जागा होती, तरी पाळकसाहेब तिच्यासमोर फरशीवर बसले. म्हणाले, “ताई, तुमचे मालक गेले.” मग ती रडली. मी सकाळी आठला पोचलो तेव्हा ते तसेच फरशीवर होते, आणि तिची धाकटी मुलगी त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती.

अपघाती मृत्यू म्हणजे पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन, मग मृतदेह ताब्यात देण्याचे कागद. हे सगळे होईस्तोवर बुधवारची दुपार उजाडली. पाळकसाहेब दोन्ही दिवस तिथे उभे. तिच्यासमोर सहीला आलेला प्रत्येक कागद ते आधी स्वतः वाचत, मग तिला मराठीत वाचून दाखवत. मंगळवारी दुपारी ठेकेदाराचा माणूस एक कागद आणि पाकीट घेऊन आला. ‘गाडीभाड्याला मदत’ म्हणाला. कागदावर इंग्रजीत लिहिले होते की ही रक्कम पूर्ण आणि शेवटची भरपाई म्हणून मिळाली, पुढे काही मागणे नाही. पाळकसाहेबांनी तो तिला वाचून दाखवला आणि विचारले, “ताई, सही करायची का?” तिने पाकीट परत दिले. पुढे जे काही झाले त्याची सुरुवात या एका वाचनापासून आहे, म्हणून ते इथे सविस्तर लिहिले.

दफन कुठे करायचे? हा आमचा जुना घोर आहे. गोव्यात ख्रिस्ती स्मशानभूमी बहुतेक त्या त्या पॅरिशच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या. आमच्यासारख्या भाड्याच्या जागेतल्या मंडळीला दर वेळी विनंती करावी लागते. शेजारच्या पॅरिशच्या फादरांनी स्वतःहून विचारले, पेटीही मिळवून दिली. पण गावाकडून सासऱ्याचा निरोप आला, ‘पोरगं घरी आणा.’ शववाहिका ठरली, पैसे तरुण संघाने त्याच रात्री फिरून गोळा केले.

बुधवारी संध्याकाळी गाडी आधी बायण्यात, त्यांच्या खोलीवर न्यायची होती. नेमका तोच दिवस दामोदर भजनी सप्ताहाचा. ज्यांनी वास्कोचा सप्ताह पाहिला नाही त्यांना सांगतो, देवळात चोवीस तास भजन अखंड चालते आणि बाहेर रस्त्याच्या दुतर्फा फेरीची दुकाने, मुंगीला वाट नाही. आमची गाडी अडली. मृताच्या खोलीशेजारी राहणारा एक पखवाजवादक पथकातून निघून आला, सोवळे नेसलेला, डोक्यावर छत्री. गाडीपुढे चालत ‘वाट दी रे, वाट दी’ म्हणत त्याने आम्हाला बायण्यापर्यंत नेले आणि हात जोडून आपल्या भजनाला परत गेला. खोलीत आमच्या माणसांनी टिळकांचे अभंग म्हटले, झांज हळू वाजवून. खिडकीतून देवळातले भजन ऐकू येत होते. पेटीपाशी बसलेल्या त्या बाईने मध्येच विचारले, “ते बी आपल्यासाठीच म्हणत्यात का?” पाळकसाहेब म्हणाले, “हो, ताई.”

आता माझ्याकडे येतो. त्याच रात्री मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, “साहेब, तुम्ही गाडीबरोबर जाऊ नका. उद्या लग्नाची दुसरी सही आहे, शनिवारी लग्न आहे, रविवारी प्रभुभोजन. गावाला त्यांचे पाळक आहेत.” ते म्हणाले, “बाई एकटी, दोन लेकरं, आणि पेटी. आंबोलीच्या घाटात रात्रभर ती कुणाशी बोलणार?” आणि पुढे बसले.

दुसरी सही म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. इथे लग्न कायद्याने होते ते सिव्हिल रजिस्ट्रारच्या वहीत. १९१० सालच्या पोर्तुगीज विवाह कायद्यापासूनची ही रीत. आधी दोघांनी जाऊन लग्नाचा इरादा नोंदवायचा, हरकतीचे दिवस सरले की साक्षीदार घेऊन पुन्हा जायचे आणि सही करायची. सगळा गोवा याला पहिली सही, दुसरी सही म्हणतो. कॅथलिक चर्चमधल्या विवाहासाठी वेगळी सोय आहे, आमच्यासाठी नाही. महाराष्ट्रात परवाना असलेल्या पाळकाला १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्न लावण्याचा अधिकार असतो, म्हणून तिकडून आलेल्या आईबापांना वाटते की पाळकांनी आशीर्वाद दिला, झाले लग्न. इथे तेवढ्यावर थांबले तर उद्या मुलीच्या हक्काचा प्रश्न येतो. गोव्याच्या कायद्यात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी तिची. म्हणून पाळकसाहेब प्रत्येक जोडप्याच्या मागे लागून दोन्ही सह्या करवून घेत, आणि साक्षीदार म्हणून स्वतः जात.

गुरुवारी ते नगरकडे होते. मुलीचे वडील कचेरीत बसून राहिले, साक्षीदार कमी पडला म्हणून काम शुक्रवारवर गेले, आणि त्यांनी फोनवर मला जे सुनावले ते खरेच होते. साक्षीदार कुणीही सज्ञान माणूस चालतो. मी स्वतः कचेरीपासून दहा मिनिटांवर होतो. पाळकच लागतात असे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात इतके बसले होते की त्या बापाला आणि मलाही ते सुचले नाही.

पाळकसाहेब शुक्रवारी रात्री पावसात परतले. शनिवारी अंगात ताप घेऊन लग्न लावले. रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाच्या विधीच्या, वेळी प्याला उचलताना त्यांचा हात थरथरला, द्राक्षरस झग्याच्या बाहीवर सांडला. त्यांनी प्याला खाली ठेवला, मेजाला धरून उभे राहिले, आणि मग बसले. सभागृहात लहान मुलेसुद्धा गप्प झाली. रक्तदाब फार वाढला होता, साखरही. डॉक्टरांनी विचारले, शेवटची सुट्टी कधी घेतली? पाळकीणबाईंनी उत्तर दिले नाही, नुसते आमच्याकडे पाहिले.

आम्ही आधी काय केले

घाबरून, प्रेमापोटी, आणि चुकीचे. पंचकमिटी त्याच रात्री बसली. ठराव झाला की पाळकांनी यापुढे धावपळ करायची नाही. इस्पितळ, घरभेटी, मयतीची घरे यांसाठी चौघांचे भेट-मंडळ. पाळकांनी रविवारची उपासना, कमिटीच्या सभा आणि कार्यालय पाहायचे. बसून करायची कामे त्यांच्याकडे, फिरायची आमच्याकडे. ऐकायला अगदी शहाणपणाचे वाटते.

दोन महिन्यांत मंडळी उदास झाली. आमचे चौघे एकत्र जायचे, एक स्तोत्र वाचायचे, एक प्रार्थना करायचे आणि पंधरा मिनिटांत उठायचे. मनापासून जायचे, त्यांना दोष नाही. पण ज्या घरात नवरा पितो तिथली बाई चौघांसमोर बोलत नाही. ज्या आजोबांना मुलाने टाकले आहे ते म्हणायचे, ‘सगळं बरं आहे.’ सड्यावरच्या एका आजी मला म्हणाल्या, “पाळकांना सांग, मी मेल्यावरच या आता.” आणि तिकडे पाळकसाहेब छताच्या गळतीचे तीन कोटेशन पुढे घेऊन बसलेले, चेहरा उतरलेला. आम्ही त्यांच्या अंगावरचे ओझे कमी केले नव्हते. त्यांची सेवा काढून घेऊन कारकुनी दिली होती.

हे बोलून दाखवले ते पाळकीणबाईंनी, महिला संघाच्या सभेत. “साहेब चालून थकत नाहीत. उभ्या उभ्या दहा कामं डोक्यात ठेवून थकतात. माणसापाशी बसले की ते ताजे होतात, ते मी वीस वर्षं बघते आहे.”

मग आम्ही डायरी मागितली. त्यांनी दिली नाही, आणि ते बरोबर होते. तिच्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी होत्या. पण तीन संध्याकाळी बसून त्यांनी त्या श्रावणातल्या दोन आठवड्यांची कामे नावे वगळून शाळेच्या वहीत उतरवून काढली. त्या वहीसमोर आम्ही सहाजण बसलो आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला: हे काम दुसऱ्याने केले तर बिघडेल का?

वाचत गेलो तशी मान खाली गेली. सभागृहाचे भाडे. गॅसचा नंबर. इस्पितळात कार्ड कुठे दाखवायचे ते सांगणे. माइक. दाखले टाइप करणे. रजिस्ट्रारकडे साक्षीदार. गाडी ठरवणे. गावी जाणाऱ्यांची कोकण रेल्वेची तिकिटे. पंचायतीत अर्ज. ओळीमागून ओळ, कुणीही करू शकेल अशी. पेट्रोलचा एकही खर्च मंडळीच्या हिशेबात नव्हता, सगळा त्यांच्या मानधनातून. ज्या ओळींपाशी आम्ही सगळे एकमताने म्हणालो, ‘हे दुसऱ्याने करू नये’, त्या थोड्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या माणसांशेजारी बसण्याच्या होत्या.

एका ओळीवर वाद झाला: ‘मंगळ, बुध. बांबोळी. कागद वाचले.’ बंदरातून निवृत्त झालेले आमचे एक वडील (मंडळीतल्या ज्येष्ठ सेवकाला आम्ही वडील म्हणतो) म्हणाले, “हे माझं काम. चाळीस वर्षं कागदच वाचले.” दुसरे म्हणाले, मग पाळक तिथे नुसते बसतील का? मला वाटते खरे उत्तर दोन्हींचे मिळून आहे. ठेकेदाराचा कागद वाचायला कारकून लागतो. पण वाचलेल्यावर त्या बाईने विश्वास ठेवला, कारण वाचणारा आधी तिच्यासमोर फरशीवर बसला होता. आम्ही ठरवले की अशा वेळी दोघांनी जायचे.

पाळकसाहेब पेटीबरोबर गावाला गेले तेही बरोबरच होते, हे मी लेखी नोंदवून ठेवतो. सासरा त्या पाकिटाबद्दल चिडला होता, ‘हातचा पैसा का सोडला’ म्हणून. पाळकसाहेब दफनानंतर रात्रभर त्यांच्या ओट्यावर बसले. त्यांच्याशिवाय त्या म्हाताऱ्याने सुनेचे ऐकले नसते.

आता कसे चालले आहे

निवृत्त वडील सरकारी कागद पाहतात, दोन्ही सह्यांसकट. मंडळीतली एक नर्स इस्पितळाचे सगळे फोन घेते: कोणता विभाग, किती वाजता, काय न्यायचे. गाड्या, माइक आणि खुर्च्या तरुण संघाकडे. दुःखाच्या घरी तीन दिवस डबा महिला संघाचा, हे तर त्या आधीपासून करत होत्या, आम्ही फक्त खर्च हिशेबात घेतला. पेट्रोलभत्ता सुरू झाला. घरभेटी पुन्हा पाळकांकडे. भेट-मंडळाचा एकजण त्यांच्याबरोबर जातो, बाहेर थांबतो, बोलावले तरच आत जातो.

सोमवार पाळकांची सुट्टी. त्या दिवशी त्यांचा फोन माझ्याकडे वळवलेला असतो. पहिल्या महिन्यात लोक माझा आवाज ऐकून फोन ठेवून द्यायचे. आता बोलतात. पाळकसाहेब दर सोमवारी सुट्टी पाळतात असे मी म्हणणार नाही. मागच्या पावसाळ्यात दोनदा मला न सांगता सड्यावरच्या आजींकडे गेले होते. मी भांडलो नाही.

स्मशानभूमीचा प्रश्न सुटलेला नाही. अर्ज केला आहे, पाठपुरावा निवृत्त वडील करतात. पाळकांची बदली कधीतरी होणारच, म्हणून कोण काय पाहते त्याची दोन पानी यादी सभागृहाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. येणाऱ्या पाळकाला ती पहिल्या दिवशी दाखवायची, असे ठरले आहे.

त्या बाईचा भरपाईचा दावा चालू आहे. तारखेला ती मोठ्या मुलाला घेऊन गावाहून रात्रीच्या गाडीने येते, आमचे निवृत्त वडील तिला स्थानकावर घ्यायला जातात आणि कचेरीत तिच्या शेजारी बसून प्रत्येक कागद मराठीत वाचतात. मागच्या तारखेला काम दुपारीच आटोपले. वडिलांनी विचारले, गाडीला वेळ आहे, कुठे सोडू? तिने पाळकांच्या घरी सोडायला सांगितले. पाळकीणबाईंनी जेवायला वाढले. पाळकसाहेब झुआरीनगरला एका घरी बसले होते, त्यांना उशीर झाला, आणि कुणी फोन करून त्यांना उठवले नाही. दोरीवर झगा वाळत होता. ती उठली, त्याच्या बाहीवरचा फिकट डाग बोटाने चाचपून पाहिला आणि म्हणाली, “बाई, लिंबू लावून उन्हात टाका, निघंल.”